त्र्याण्णवावं पान

ब्याण्णवच्या पुढे पंच्याण्णव. नेव्हिल हॅलमने अंगठा जिभेला लावून पान मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. ब्याण्णव, पंच्याण्णव. मासिकाचा नवा अंक सकाळी आला तेव्हापासून तो बागेत होता, आता दुपारचे अडीच वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचा मग होता, खिडकीबाहेर सप्टेंबरातलं मवाळ ऊन डेलियांवर पडलं होतं, वरच्या मजल्यावर डोरीनच्या सपातांचा आवाज येत होता. सगळं जागच्या जागी होतं, फक्त मधलं एक पान नव्हतं. छापखान्याचा घोळ असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि चष्मा कपाळावर सारून अंक नाकाशी धरला. डर्बीच्या रेल्वे कारखान्यात पस्तीस वर्षं त्याने डब्यांचे नकाशे काढले होते. कागद फाटलेला, निसटलेला आणि कापलेला यांतला फरक त्याला डोळे मिटूनही कळला असता. कण्याजवळ जेमतेम नखाएवढी पट्टी उरली होती. वरून खालपर्यंत सरळ रेघ होती, फक्त तळाच्या शेवटच्या इंचात पातं जरासं हललं होतं. पोलादी पट्टी त्याचीच आणि पातंही त्याचंच, दोन्ही टेबलाच्या खणात. म्हणजे कुणीतरी इथेच बसून, पट्टी दाबून धरून, सावकाश कापलं होतं. घरात माणसं दोन होती आणि त्यातल्या एकाने कापलं नव्हतं.

त्याने ती रेघ पुन्हा एकदा नखाने चाचपून पाहिली. एका पानासाठी एवढं? कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं, आणि डोरीन तर सगळ्यांत आधी. पण हे बागकामाचं मासिक म्हणजे काही रद्दी नव्हती. त्रेचाळीस वर्षं ते न चुकता दारातल्या टपालाच्या फटीतून पायपुसण्यावर पडत होतं. जिन्याच्या वरच्या चौकात, भिंतीला लागून, वर्षावार बांधलेले गठ्ठे उभे होते आणि पाहुण्यांना न्हाणीघराकडे जाताना अंग चोरून जावं लागे. त्या गठ्ठ्यांतल्या एकाही अंकाला कात्री लागलेली नव्हती. एक अपवाद होता. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्याने काचघराच्या जाहिरातीतलं कूपन कापून पाठवलं होतं. काचघर आलं ते सुट्या तुकड्यांचं, सोबत कुणाच्या बापाला न कळणारा कागद. तो आणि डोरीन दोन शनिवार-रविवार भुरभुर पावसात ते उभं करत बसले. शेवटच्या काचेला तिचा कोपर लागला आणि काच गेली. त्याने तोंड उघडायच्या आत ती खाली चिखलातच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. त्या जागी तात्पुरता प्लायवूडचा तुकडा लावला होता, तो अजून तात्पुरताच होता. पण पुढे कधीतरी तो जुना अंक चाळताना त्या चौकोनी भोकातून मागचं पान डोकावलेलं त्याला दिसलं आणि उगाच वाईट वाटलं. त्या दिवसापासून मासिक कापायचं नाही असा घरचा कायदा झाला. डोरीनला तो कायदा तोंडपाठ होता. पाककृतीसाठीसुद्धा तिने कधी पान फाडलं नाही, वहीत उतरवून घेतलं.

आणि जाहिरातींबद्दलचा त्याचा कायदा तर अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. मासिक आलं की तो ते उचलून थेट मागच्या दारी जायचा, निळ्या कचराडब्यावर उलटं धरायचा आणि कोंबडी झाडावी तसं झाडायचा. आतले सुटे कागद भराभरा डब्यात पडायचे: रुंद बुटांचे, कानात घालायच्या यंत्राचे, मृत्युपत्राचे. "आता राहिली ती बाग," असं दरवेळी तेच म्हणत तो आत यायचा. "जाहिराती मी बघत नाही. बघायच्याच नसतात. ब्याऐंशी पानं बागेची, पुढचं सगळं भाजीवाल्याच्या पुडीचं." हे तो शेजाऱ्यांना सांगे, हे तो जावयाला सांगे. आणि हे धादांत खोटं होतं. माणूस ज्याला भितो त्याच्याकडे आधी बघतो. महिनाभर पुरवून पुरवून तो मासिक वाचायचा खरा, पण पहिल्याच दुपारी, डोरीन वर असताना, शेवटची पानं उघडून एकेक जाहिरात अक्षर न् अक्षर वाचून काढायचा, आणि मग अंक असा मिटून ठेवायचा की जणू उघडलाच नव्हता. चोरून मिठाई खाणाऱ्याला निदान तोंड गोड झाल्याचं सुख असतं, त्याला तेही नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. तो एकतीस वर्षांचा असताना त्या पानांवर बाह्या सरसावलेले तरुण असायचे. ते जमीन नांगरायची यंत्रं एका हाताने धरायचे, शिड्या लावायचे, करवतीने अख्खी झाडं आडवी करायचे. बियाण्यांची पानं रंगीत नसली तरी त्यांतून वास यायचा. मग केव्हातरी त्या तरुणांच्या कानांवरचे केस पांढरे झाले. आधी गुडघ्याखाली घ्यायची उशी आली. तो म्हणाला, चांगली सोय आहे. मग न वाकता तण उपटायची लांब काठी आली. मग कमरेला इलास्टिकवाल्या विजारी, तीन रंगांत. मग जिन्याच्या कठड्याला बसवायची, बसल्या बसल्या वर नेणारी खुर्ची, आणि तिच्यात बसलेली बाई राणीसारखी हसणारी. मग दार असलेला टब, पाय उचलायलाच नको. मग ते पॅड, ज्यांचं नाव वाचताना तो इकडेतिकडे बघायचा. नेव्हिलला वाटे, हे एकामागून एक येतायत आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा एक पायरी वर उभा आहे. बागेच्या लेखांना ऋतू कळत होते, फेब्रुवारीत छाटणी, मेमध्ये रोपं बाहेर, आणि ते दरवर्षी फिरून पहिल्या जागी यायचे. जाहिराती फिरून येत नव्हत्या. त्या एकाच दिशेने चालल्या होत्या, आणि ती दिशा त्याच्या घराची होती. त्यांना पत्ता कुणी दिला? त्यानेच दिला होता, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, सुवाच्य अक्षरात.

पलीकडच्या बिअर्ड्स्लींचं त्याने पाहिलं होतं. त्यांनी त्या खुर्चीचं कूपन भरलं. माणूस आला, माप घेऊन गेला, खुर्ची बसली. "नेव्हिल, एकदा बसून बघा हो, जत्रेत बसल्यासारखं वाटतं," म्हणाले. दीड वर्षात खुर्ची निघाली, बिअर्ड्स्ली निघाले, घर विकलं गेलं, आणि नव्या मालकांनी त्यांच्या गुलाबांवर फरशा घालून दोन मोटारी उभ्या केल्या. कुंपणावरून बघितलं की त्या मोटारींची टपं दिसत. खुर्चीमुळे माणूस मरत नाही हे नेव्हिललाही कळत होतं, तो काही खुळा नव्हता. पण कूपन भरणं म्हणजे दार उघडून 'या' म्हणणं, हे त्याच्या मनातून जाईना. आणि आता त्याच्या घरात कुणीतरी पान कापलं होतं.

सपातांचा आवाज जिन्यावर आला. चार पायऱ्या, मग थांबला. हल्ली ती मधल्या पायरीवर थांबायची आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत राहायची. तसबीर लग्नात मिळालेली, पन्नास वर्षं तिथेच, तिच्यात दोन गाई आणि एक ओढा. त्यात इतकं बघण्यासारखं काय आहे, हे त्याने विचारलं नव्हतं. गाई बघतेय तर बघू दे. सकाळी तिच्या बशीत अर्धा टोस्ट राहतो, तोही त्याने विचारला नव्हता, पक्ष्यांना टाकला होता. दर गुरुवारी ती मैत्रिणीबरोबर, पॉलीनबरोबर, लोकर आणायला जाते आणि लोकर काही घरात दिसत नाही, तेही नाही. त्याने अंक मिटला आणि चहाचा मग उचलला.

"काय म्हणतंय तुझं बायबल?" डोरीनने आत येत विचारलं.

"गोगलगाईंवर आहे. नेहमीचंच."

"गोगलगाई जिंकतात का या महिन्यात तरी?"

"जिंकतातच त्या."

"मग वाचतोस कशाला, माळीबुवा?" ती हसली आणि खुर्ची ओढून बसली, बसताना टेबलाची कड धरून. "अर्धा मग ओत मला. अर्धाच."

विचार, असं त्याच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. डोरीन, मधलं एक पान कुठे गेलं? सहा शब्दांचा प्रश्न. पण विचारायचं तर आधी हे कबूल करायचं की जाहिरातींची पानं आपण बघतो, मोजतो, आणि भितो. आणि दुसरं म्हणजे, विचारलं की उत्तर येतं. या इंग्रज लोकांत ही एक अजब रीत आहे. कुत्र्याचा दात दुखतोय का हे ते अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून विचारतील, पण ज्या बाईबरोबर अर्धं शतक एका पांघरुणात काढलं तिला 'तुला काय होतंय' एवढं विचारायचं म्हणजे आगाऊपणा वाटतो. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, असं ते म्हणतात आणि त्याला मोठं मन समजतात. नेव्हिलने मग अर्धा भरला, दूध घातलं आणि म्हणाला, "उद्या डेलिया बांधायला हव्यात. वारा येणार म्हणतात." "हो, बांध," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डेलिया बांधायच्या सोडून तो दोन बस बदलून गावातल्या मोठ्या वाचनालयात गेला. सुतळी संपली, असं सांगून निघाला. सुतळीचं अख्खं भेंडोळं शेडमध्ये खुंटीला लटकत होतं आणि त्याने जाता जाता ते पोत्याखाली ढकललं. पन्नास वर्षांच्या संसारात त्याने बायकोपासून लपवलेली ही दुसरी गोष्ट होती. बसमध्ये त्याला वाटलं, आपण उगाच चाललोय. पान शिवणकामाच्या यंत्राचंही असेल. पॉलीनला दाखवायला नेलं असेल. पण शिवणकामाच्या यंत्रासाठी कुणी पोलादी पट्टी लावून कापत नाही. सरळ मागतं, सरळ सांगतं. चोरून कापलं म्हणजे लपवायचं होतं, आणि लपवायचं म्हणजे त्याच्यापासून, कारण घरात तिसरं कुणी नव्हतंच. त्याने ते सगळे कागद एकेक करून मनात पुढे आणले. खुर्ची असली तर बरं, असं त्याला वाटलं, आणि मग आपण खुर्चीला बरं म्हणतोय याचीच धास्ती वाटली. कालपर्यंत ज्या गोष्टीने अंगावर काटा यायचा तिच्यासाठी आज तो नवस बोलायला तयार होता. खुर्ची असू दे. टब असू दे. ते पॅडसुद्धा असू दे.

"नवा अंक घरी नेता येत नाही हं," वाचनालयातली बाई म्हणाली. तिच्या चष्म्याला मण्यांची माळ होती. "इथेच बसून वाचा. चहा आणू नका आत. आणि कात्री लावू नका, लोक कूपनं कापून नेतात मेले."

"मी नाही कापत," नेव्हिल म्हणाला, गरजेपेक्षा जोरात.

"तुम्हाला नाही हो म्हणत. तुमच्या चेहऱ्याकडे बघून वाटतंच, तुम्ही काही कापणाऱ्यातले नाही."

तो खिडकीशी बसला. एक्याण्णव. मग पान उलटलं नाही, नुसतं एक्याण्णवकडे बघत राहिला. त्याला वडील आठवले, रविवारी सकाळी वाफ्यावर उकिडवे बसलेले. स्वीट पी या सुवासिक फुलवेलाच्या रोपाभोवतीची माती ते दोन बोटांनी दाबायचे आणि म्हणायचे, "हात कापत असला की रोप लावू नये, त्याला कळतं." आठवायचं काही कारण नव्हतं. त्याने पान उलटलं.

त्र्याण्णव. अख्खं पान एकाच जाहिरातीचं. बागेत बसलेली एक बाई, डोरीनच्याच वयाची, हातात कप, चेहऱ्यावर इस्त्री केलेलं हसू. वर मोठ्या अक्षरात: *मागे राहणाऱ्यांना काहीही करावं लागू नये.* खाली बारीक अक्षरात की कुणी जमायचं नाही, चर्च नाही, गाणी नाहीत, काळे कपडे नाहीत. ते परस्पर येतील, परस्पर नेतील, परस्पर दहन उरकतील, आणि हवी असल्यास राख घरपोच. तळाशी तुटक रेघांच्या चौकटीत कूपन: *माहितीपुस्तिका मोफत पाठवा.* नाव, पत्ता, वय. नेव्हिलने ते तीनदा वाचलं. त्या बाईमागे जो वेल होता तो क्लेमॅटिस होता आणि चुकीच्या ऋतूत फुललेला होता, एवढंच त्याला धड कळलं. मग पान पलटायचं भान आलं. चौऱ्याण्णव. त्यावर स्वीट पी. गुलाबी, जांभळी, पांढरी, दुधाच्या सायीच्या रंगाची फुलं, पानभर. *खास वाचकांसाठी, बारा जातींचं बियाणं, फक्त टपालखर्चात.* तळाशी कूपन. त्यावरही नाव आणि पत्ता. दोन्ही कूपनं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, एक कापलं तर दुसरं मेलंच. मासिकवाल्यांच्या अकलेचं दिवाळं, असं त्याने म्हणून पाहिलं, पण राग काही येईना. पान एक, बाजू दोन. तिने कोणत्या बाजूसाठी कापलं?

"बरं वाटत नाही का?" ती मण्यांची बाई जवळ येऊन उभी होती. "पांढरे पडलात. काय वाचताय एवढं?"

"गोगलगाईंवर आहे," नेव्हिल म्हणाला.

"अरे देवा. तरीच."

त्यानंतर पोस्टाची वाट बघणं सुरू झालं. जाहिरातींच्या तळाशी एक ओळ असतेच, माल पोहोचायला अठ्ठावीस दिवस लागू शकतात. नेव्हिलला ती ओळ पाठ होती, त्याच्या काचघरालाही अठ्ठावीसच लागले होते. डोरीनने कूपन टपालात केव्हा टाकलं हे माहीत नसल्यामुळे त्याला मोजताही येईना. म्हणून तो रोजच घाबरला. साडेदहाच्या सुमारास फटीची झडप वाजली की त्याचं हृदय आधी धावायचं आणि मग पाय. डोरीनच्या आधी पायपुसण्यापाशी पोहोचायचं, हे एकच काम त्याला उरलं होतं. डेलिया वाऱ्याने आडव्या झाल्या. गवत वाढलं. "तुला पोस्टमनबाईवर प्रेम बसलंय की काय?" डोरीनने एकदा विचारलं. "उंच आहे ती, बरी आहे. पण ती मोटारसायकलवाल्याबरोबर राहते, पॉलीन सांगत होती." तो हसला. हसताना आपलं हसू त्या कपवाल्या बाईसारखं झालं की काय, असं त्याला वाटून गेलं.

मनाशी त्याने सौदे केले. स्वीट पी असेल. का नसेल? तिला ती फुलं जिवापाड आवडायची. लग्नात तिच्या हातात तीच होती, त्याच्या वडिलांच्या वाफ्यातली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बसमधून आणलेली. पुढे कितीतरी वर्षं त्याने लावली आणि मग दहा वर्षांपूर्वी सोडली, कारण काठ्या रोवायला कंबर ऐकेना, आणि शिवाय ती फुलं रोजच्या रोज तोडावी लागतात. एक दिवस चुकलं की शेंगा धरतात, शेंगा धरल्या की वेल समजतो आपलं काम झालं, आणि फुलायचा थांबतो. "कटकट आहे," तो म्हणाला होता, आणि डोरीन म्हणाली होती, "असू दे." त्या 'असू दे'चा आता त्याला त्रास व्हायला लागला. तेव्हा लावली असती तर तिला चोरून कापावं लागलं नसतं. मग लगेच दुसरं मन विचारी, फुलांचं बियाणं कुणी चोरून मागवतं का रे? आणि पहिलं मन गप्प बसे. रात्री झोप लागे, हेच त्याला विचित्र वाटे. भीती सकाळी यायची, पोस्टाबरोबर.

डोरीन काचघरात असली की तो खिडकीतून बघायचा. ती प्लायवूडच्या तुकड्यापाशी उभी राहायची, रिकाम्या कुंड्या एकीत एक घालायची, मग थांबायची. तिच्या अंगातला कोट जुलैत घेतलेला, निळा, पावसाळी. गुरुवारी लोकर आणायला म्हणून गेली आणि कोट घालून आली होती. 'उगाच घेतला,' म्हणाली होती आणि दिवसभर घरातही तो काढला नव्हता. आता तो कोट खांद्यांवरून उतरत होता. जुलैत बरोबर बसत होता. हे त्याने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवून किटलीत पाणी भरलं.

ऑक्टोबरच्या अकराव्या दिवशी झडप वाजली आणि काहीतरी पडलं, त्याला वजन होतं, आणि पडताना ते खुळखुळलं. नेव्हिल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसूनच होता. तपकिरी जाड पाकीट. त्याने ते कानाशी धरून हलवलं. खुळखुळ. पुस्तिका खुळखुळत नाही. जगातली कुठलीही माहितीपुस्तिका खुळखुळत नाही! तो होता तिथेच पुन्हा पायरीवर बसला, आणि ओठ आवळूनही त्याला रडू आलं, लहान पोरासारखं, नाक वाहेस्तोवर. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि पाकीट उंच धरून स्वयंपाकघरात गेला.

"आलं तुझं बियाणं!" तो म्हणाला. "काय गं, घाबरवून मारलंस मला."

डोरीन टेबलाशी बसली होती. तिने पाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला कसं कळलं त्यात बियाणं आहे?"

"त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. पान कापलंस तू."

"पण तू तर जाहिराती बघतच नाहीस!" ती चाट पडली. "नुसतं कूपन कापलं असतं तर भोक दिसलं असतं, म्हणून मुद्दाम अख्खं पान काढलं मी. म्हटलं, मागच्या पानांकडे हा कधी ढुंकून बघत नाही."

"बघतो," नेव्हिल म्हणाला. "सगळ्या बघतो. पहिल्याच दिवशी. गेली वीस वर्षं."

"लबाडा!" ती हसायला लागली. "आणि तो डब्यावरचा तमाशा?"

"तो तमाशाच." तोही हसत होता आणि हसता हसता बोलत सुटला होता, वाचनालय, सुतळी, मण्यांची बाई, सगळंच. "आणि दुसऱ्या बाजूला ती बया, हातात कप घेतलेली. मला वाटलं, तू तिलाच... देवाशपथ डोरीन, मला वाटलं तू..." बोलता बोलता त्याने पाकीट सुलटं केलं. चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव छापलेलं होतं. मिस्टर नेव्हिल हॅलम. "हे माझ्या नावाने का मागवलंस?"

डोरीनचं हसू लगेच गेलं नाही. सावकाश, एकेक करून दिवे मालवावेत तसं गेलं. तिने हात पुढे करून पाकीट घेतलं आणि टेबलावर सरळ ठेवलं, कडेला कड लावून.

"ती कपवाली बाई मूर्ख आहे," ती म्हणाली. "तिचं आधी वाचलं मी. मागे राहणाऱ्यांना काही करावं लागू नये म्हणे. म्हटलं, हिला नवरा नसावा. तुला काही करायला नसलं तर तू काय करतोस ते मी पाहिलंय, निवृत्त झालास तेव्हा. तीन महिने घड्याळ दुरुस्त करत होतास, चालू असलेलं. मग पान उलटलं तर मनात होती तीच ही फुलं." ती थांबली. तिला दम लागला होता. "जूनमध्ये फुलतील. रोज तोडावी लागतात ना? एक दिवस चुकून चालत नाही, तूच म्हणतोस. म्हणजे रोज सकाळी उठून बाहेर यावं लागेल तुला. घड्याळाकडे नाही."

नेव्हिलला खिडकी दिसत होती, डेलियांचे मोडके दांडे दिसत होते. जून, असं त्याच्या डोक्यात आलं, आणि तो महिने मोजायला लागला.

"जूनपर्यंत नाही म्हणाले, नेव्हिल," डोरीन म्हणाली. "ईस्टरपर्यंत कदाचित. डॉक्टरीणबाई चांगली आहे. पॉलीनला सगळं विचारता येतं, मला सुचत नाही."

ती टेबलाची कड धरून उठली, जिन्याखालच्या कपाटात वाकली आणि कापडाची एक मोठी पिशवी ओढत बाहेर आणली. पिशवी हलकी होती, पण तिला ती ओढावी लागली. आत न्हाणीघरातल्या कागदाच्या गुंडाळ्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या, भरगच्च. स्वीट पीची मुळं लांब जातात, त्यांना उथळ कुंडी चालत नाही. या देशातला प्रत्येक बागवाला त्या नळ्या जपून ठेवतो, नळीत माती, मातीत बी, आणि पुढे नळीसकट जमिनीत. नेव्हिलने त्यांतली एक हातात घेतली. मग खाली बसला आणि एकेक काढून टेबलावर उभी करायला लागला. दुसरं काय करावं ते त्याला कळेना. चौतीस निघाल्या. दोन माणसांचं घर, आठवड्याला फार तर दोन-तीन नळ्या. त्याचा हिशेब होत आला होता, पण त्याने तो तिथेच थांबवला आणि विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला असं काही सरळ विचारलं.

"कधीपासून जमवतेयस?"

"जुलैपासून."

जुलै. निळा कोट. दिवसभर न काढलेला. तो म्हणाला होता, "रंग बरा आहे," आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेला होता.

ते काचघरात गेले. तिने कोट घातला आणि त्याने तिला वरच्या बटणापर्यंत लावून दिला, कारण ती थांबली होती. त्याने मातीचं पोतं फोडलं, ट्रेमध्ये नळ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आणि मूठमूठ माती भरायला लागला. प्लायवूडच्या तुकड्याच्या फटीतून वारा येत होता. डोरीन उलट्या क्रेटवर बसून पाकिटं फोडत होती आणि जातींची नावं मोठ्याने वाचत होती. एका नळीत दोन बिया, बोटाच्या पहिल्या पेराएवढ्या खोल. त्याने बोट मातीत घातलं आणि ते कापायला लागलं. त्याने बोट बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा कापलं. वडील म्हणायचे, हात कापत असला की लावू नये. नळी कलंडली, माती सांडली.

"मला भीती वाटते, डोरीन," तो म्हणाला.

"मलापण," ती म्हणाली. "नळी सरळ धर. मी बी टाकते."